लेकरू ठणठणीत आहे, घड्याळ बदला

तुमचं पत्र मिळालं. तुमची मुलगी १९ महिन्यांची. माहेर कल्याणचं, काही वर्षं पुण्यात काढलीत, आणि दिवाळीपासून सासरी सोलापुरात. लेक दिवसभर हसते, गाणं लागलं की नाचते, गल्लीतल्या प्रत्येक आजीची लाडकी आहे. पण होळी झाली तसं तिनं जेवणाकडे पाठ फिरवली. दुपारी झोपत नाही. साडेआठला उठते, तेव्हापासून चप्पल हातात घेऊन दाराशी उभी असते आणि 'भूर, भूर' करते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, यजमान म्हणतात टॉनिक आणू, आणि मोबाइल समोर धरल्याशिवाय एक घास आत जात नाही. 'नेमकं काय बिघडलंय?' हा तुमचा प्रश्न. जाता जाता दोन बारीक प्रश्नही आहेत: पाडव्याची गाठी द्यावी का, आणि एप्रिलमध्ये तिला माहेरी न्यावं का.

सोलापुरात लहान मुलांची डॉक्टर म्हणून मला २६ वर्षं झाली. शिमगा सरला की हीच तक्रार घेऊन रोज तीन-चार जणी येतात. आईच्या मांडीवर लेकरू माझा स्टेथोस्कोप ओढत असतं, खिदळत असतं, आणि आई सांगत असते, "डॉक्टर, पंधरा दिवस झाले, हिनं काही म्हणजे काहीच खाल्लं नाही." पंधरा दिवस काहीच न खाल्लेलं लेकरू स्टेथोस्कोप ओढत नाही हो. ते मांडीवर मान टाकून पडतं.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात, पण मला त्या एकाच गोष्टीच्या तीन बाजू दिसतात. पुण्याच्या हवेला जमणारं घड्याळ तुम्ही इथे तसंच चालवताय. आपल्या सोलापुरात वसंत पंचांगात जास्त आणि अंगणात कमी. कडुलिंबाला मोहोर आला, कोकीळ ओरडायला लागला की पारा चाळिशीच्या दिशेनं निघालेला असतो. मार्चात दुपारी ३७-३८ अंश आणि पहाटे मात्र २०-२१. एकाच दिवसात सोळा-सतरा अंशांची चढउतार. म्हणजे इथे सकाळी सहा ते साडेनऊ एक गाव असतं आणि दुपारी बारा ते पाच दुसरंच. तुमची लेक उठते साडेआठला. दूध, मग अंघोळ, मग नाश्ता, तोवर साडेदहा वाजतात, ऊन कडक होतं, सासूबाई दार लावून घेतात आणि ते दार उघडतं थेट संध्याकाळी सहाला. दिवसातले चांगले तीन तास ती झोपेत घालवते आणि मग सात-आठ तास चार भिंतींत कोंडली जाते. न दमलेल्या लेकराला भूक कुठून लागणार आणि झोप कुठून येणार?

आता पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण मी तिला पाहिलेलं नाही. तिचं वजन आणि उंची तिच्या आधीच्याच रेषेवर वाढत असेल, ताप, जुलाब, सततचा खोकला नसेल, लघवी नीट होत असेल, तर पुढचं लागू. वजन घटलं असेल, ओठ-तळवे फिके दिसत असतील, माती-चुना-रंगाचे पापुद्रे खायची खोड लागली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन करून घ्या. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बूस्टरच्या लसी असतात. त्या राहिल्या असतील तर त्याच फेरीत वजनही होऊन जाईल. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा कसली ॲलर्जी असेल, तर गणित वेगळं. आणि घराचंही आहे. वाडा आहे, तळमजला आहे की वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली राहता, घरात किती माणसं आहेत, टीव्ही किती वाजता बंद होतो, यावर यातलं निम्मं ठरतं. जे जमेल ते घ्या.

जेवणापासून सुरू करते. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाचं होताना नऊ किलोच्या आसपास पोचतं. बारा महिन्यांत सहा किलो! दुसऱ्या वर्षभरात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणजे महिन्याला २०० ग्रॅम. वाढच मंदावली की भूकही मंदावते. हे निसर्गाचंच गणित आहे, त्यात तुमच्या हाताच्या चवीचा काही दोष नाही. त्यात भर म्हणजे या वयात तिला नुकतं कळलेलं असतं की 'नको' म्हणता येतं, आणि 'नको' म्हटलं की अख्खं घर गोळा होतं. मीही माझ्या मुलामागे वाटी घेऊन गच्चीभर धावलेली आई आहे. दवाखान्यात लोकांना शहाणपण सांगायचं आणि घरी विमान-विमान करत घास भरवायचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "बाई, त्याला भूक लागू द्या की जरा." माझ्या अख्ख्या पुस्तकी शिक्षणाला ते एक वाक्य भारी पडलं.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट सहज येऊन गेलीय, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. 'जेवत नाही म्हणून निदान दूध तरी जावं' म्हणून तुम्ही दिवसातून तीन बाटल्या दूध पाजता. मोठी बाटली अडीचशे मिलिलिटरची धरली तर साडेसातशे झालं. एवढ्याशा पोटात साडेसातशे मिलिलिटर दूध गेल्यावर भाकरीला जागा उरतेच कुठे? दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे, दह्या-ताकासकट. जास्त दुधानं आणखी एक घोळ होतो. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि ते लोहवाल्या अन्नाची जागा खातं. मग रक्त कमी होतं, रक्त कमी झालं की भूक आणखी मरते, आणि आई आणखी दूध पाजते. गोबऱ्या गालांची, पण फिकट पांढरी पडलेली अशी किती लेकरं पाहिली असतील, मोजदाद नाही. बाटली तर सोडवाच. आधी दुपारची, मग सकाळची, शेवटी रात्रीची. फुलपात्रातून किंवा छोट्या पेल्यातून द्या, सांडेल, सांडू द्या. आणि सकाळी आजोबांच्या चहात बुडवलेलं बटर किंवा खारी तिच्या तोंडात जात असेल तर तेही थांबवा. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि बटरानं भूक जाते ती वेगळीच. आजोबांना वाईट वाटेल. त्यांना दुसरं काम द्या, पुढे सांगते.

काय द्यायचं, हा प्रश्न सोलापुरात पडू नये. ज्वारीची मऊ भाकरी ताकात किंवा मुगाच्या वरणात कुस्करून, वर तूप. या दिवसांत बाजारात नवी ज्वारी येते, तिच्या भाकरीला गोडवा असतो, लेकरं आवडीनं खातात. कण्या ताकात शिजवून, दहीभात, नाचणीची आंबील, मेथीची भाजी बारीक चिरून डाळीत घातलेली, त्यावर दोन थेंब लिंबू पिळलं तर भाजीतलं लोह चांगलं अंगी लागतं. अंडं खात असाल तर अंडं. कडक भाकरीचा तुकडा दात शिवशिवतात म्हणून हातात देतात, पण तिचा टोकदार कपचा मोडून घशात जाऊ शकतो. भिजवल्याशिवाय देऊ नका.

आणि शेंगा. इथे प्रत्येक घरात शेंगांचा डबा असतो, चटणी असते, येता-जाता मूठभर शेंगदाणे तोंडात टाकायची सवय असते. ज्याच्या हातात शेंगदाणे, त्याच्याकडे लेकरू हात पसरतं. चार-पाच वर्षांची होईपर्यंत तिला अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा द्यायचा नाही. पुढचे दात तोडतात, पण दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, आणि हसता-पळता शेंगदाणा श्वासनळीत जातो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा खोकला आणि छातीत शिटी म्हणून आला. मी दम्याचं औषध दिलं. आठवड्यानं तोच खोकला, पण शिटी फक्त उजव्या बाजूला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुर्बीण घालून अर्धा शेंगदाणा काढावा लागला. पहिल्याच दिवशी 'खेळताना अचानक ठसका लागला होता का' एवढं विचारलं असतं तर आठवडा वाचला असता. तेव्हापासून मी ते प्रत्येकाला विचारते. तोच शेंगदाणा भाजून, अगदी बारीक कुटून, भाजीत किंवा गुळाबरोबर भाकरीवर पातळ फासून दिलात तर उत्तम खाणं आहे. तसंच द्राक्षांचं. सध्या घरोघरी द्राक्षं आहेत. अख्खं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. उभे चार काप करून द्या. कलिंगडाच्या बिया काढा, बोरं या वयाला नकोतच.

किती खायचं ते तिला ठरवू दे. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून, एवढंच तुमच्या हातात ठेवा. सगळ्यांच्या पंगतीत तिची छोटी ताटली मांडा, वीसेक मिनिटं बघा, मग ताटली उचला. रागावून नाही, गप्पा मारत. पुढच्या वेळेपर्यंत बिस्किट नाही, दूध नाही, फक्त पाणी. पहिले चार दिवस तुम्हालाच जड जातील, तिला फारसे नाही.

आता सकाळ. मला विचाराल तर एवढी एकच गोष्ट बदलली तरी पुरे. तिला साडेसहाला उठवायचं. एकदम नाही, दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे. त्यासाठी रात्री नऊच्या सुमारास घरातले मोठे दिवे मालवावे लागतील. एकत्र घरात हेच सर्वांत अवघड, मला माहीत आहे. टीव्ही बंद होत नसेल तर निदान ती झोपते त्या खोलीत अंधार आणि शांतता. दोनेक आठवड्यांत गाडी रुळावर येते.

उठली, तोंड धुतलं, थोडं दूध किंवा एखादं केळ, की सातला बाहेर. आजोबांचं काम हेच. चहा-बटर बंद, पण सकाळचं 'भूर' त्यांचं. सिद्धेश्वर तलावाचा काठ, हुतात्मा बाग, जे जवळ असेल ते. काहीच जवळ नसेल तर गल्ली पुरते. १९ महिन्यांच्या लेकराला बाग लागत नाही. तिला मुंग्यांची रांग लागते, झोपलेलं कुत्रं लागतं, कडुलिंबाखाली पडलेला पिवळा पाला लागतो. दहा मिनिटांत चाळीस पावलं चालेल आणि त्यातली वीस उलटी. घाई करू नका, तिला कुठेच पोचायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल असावी असं सांगते. सकाळचे दोन आणि संध्याकाळचा एक तास धरला की झाले तीन.

परत कधी यायचं, यासाठी घड्याळ बघत बसू नका, तिची सावली बघा. सावली तिच्याहून लांब आहे तोवर बाहेर. सावली तिच्याएवढी झाली की घरात. सूर्य अर्ध्यावर चढला की हे होतं आणि तिथून पुढे ऊन कातडीला चावायला लागतं. मार्चअखेर ही वेळ आपल्याकडे साधारण पावणेदहाची, एप्रिलच्या उत्तरार्धात साडेनऊच्याही आधीची. लेकरांना सावलीचा खेळही फार आवडतो. तिला तिची सावली धरायला सांगा आणि मजा बघा. (मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. दोन मिनिटं दारात उभं करून दाखवा. माझ्या नातीनं गेल्या वर्षी पाय उचलून उचलून खाली शोधली होती.)

संध्याकाळी मात्र सावलीवर भरवसा ठेवू नका. साडेतीनलाच सावली पुन्हा लांब होते, पण जमीन तेव्हा तव्यासारखी असते. मोठ्या माणसाचं नाक जमिनीपासून पाच फुटांवर, तुमच्या लेकीचं अडीच फुटांवर. तुम्हाला नुसती गरम वाटणारी हवा तिला भाजते. बाहेर पडण्याआधी हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवा. पाच-सात सेकंद सुखानं ठेवता आली तर चला. नाहीतर अजून अर्धा तास. बहुतेक वेळा सहा वाजतात.

सकाळी दोन तास हुंदडून आलेलं लेकरू दहाला जेवतं, आणि मनापासून जेवतं. तेच तिचं मुख्य जेवण समजा. दुपारी बारा-साडेबाराला हलकं, ताकभात किंवा दहीपोहे. उकाड्यात आपल्यालाही दुपारी दीडला गरम भाजी-भाकरी जात नाही, तर तिला का जावी? एक वाजता झोप. तुम्ही तिला साडेतीनला झोपवायला बघता, तोवर ती झोपेच्या पलीकडे जाऊन चेकाळलेली असते. तुम्ही लिहिलंय 'दुपारी तिला जास्तच उत्साह येतो'. तो उत्साह नसतो, ती दमणूक असते. एक ते तीन झोपली आणि रात्री नऊ ते साडेसहा, तर साडेअकरा तास होतात. या वयाला दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास लागतात, त्यात ते बसतं. सुती झबलं, खिडकीला ओला पडदा, पंखा. कूलर असेल तर हवेचा झोत थेट अंगावर नको, आणि त्याची वायर, प्लग, पाण्याची टाकी तिच्या हाताला लागेल अशी नको. स्लॅबखाली राहत असाल तर खोली रात्री अकरापर्यंत तापलेली असते, तेव्हा शक्य असल्यास दुपारची झोप खालच्या खोलीत. गच्चीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी हवी, आणि जिन्याच्या दाराला वरच्या बाजूनं कडी.

दुपारी उठल्यावर सहापर्यंतचा वेळ खायला उठतो. तेव्हा मोबाइल बाहेर येतो. त्याऐवजी मोरीत किंवा सावलीतल्या पायरीवर एक घमेलं, त्यात दोन तांबे पाणी, एक चमचा, एक चाळणी. तासभर रमते, फक्त कुणीतरी हाताशी बसलेलं हवं. सासूबाई म्हणतील, पाणी वाया चाललंय. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तेच पाणी नंतर तिच्याच हातानं तुळशीला घालायचं, म्हणजे वादच मिटला.

पण पाण्यापाशी मला जरा थांबायचंय. तुम्ही बाकी इतकं तपशिलात लिहिलंत, त्यात हे नाही. काही दिवसांआड पाणी येतं म्हणून इथे प्रत्येक घरात पिंपं, टब, बादल्या, हंडे भरून ठेवलेले असतात. पुण्यात तुमच्या घरात एवढं साठवलेलं पाणी नसेल, म्हणून हे डोक्यात येत नाही. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. लेकरू बादलीत वाकलं आणि तोल गेला की पाय वर होतात आणि परत उठता येत नाही. बादली भरलेलीच असावी लागते असंही नाही, तळाशी चार बोटं पाणीही पुरतं. आणि आवाज होत नाही. ओरडणं नाही, पाणी उडणं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरातून असं लेकरू आणलं होतं. आई नळ आला म्हणून खाली पाणी भरत होती, वरच्या मोरीत पिंप उघडं होतं. याहून जास्त मी लिहीत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण आणि वर वजन, रिकाम्या बादल्या पालथ्या, मोरीला बाहेरून आणि उंचावर कडी. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरात धावपळ असते, म्हणून त्या दिवशी एक माणूस फक्त तिच्याकडे. 'सगळे बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नसतं. आणि आठवड्यातून एकदा पिंप, कूलरची टाकी घासून कोरडी करा. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्याआधीच पाणी ओतलं की तो जन्मतच नाही.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ते कळतंच आहे. दोन वर्षांच्या आत नकोच, फक्त घरच्यांशी व्हिडिओ कॉल चालेल. मोबाइल बघत खाणाऱ्या लेकराला आपलं पोट भरलं की नाही हेच कळत नाही. हळूहळू कमी करत बसू नका, या वयात एकदम बंद केलेलं सोपं जातं. तीन दिवस रडारड, चौथ्या दिवशी विसरते. अट एकच, ताटापाशी मोठ्यांचाही मोबाइल नको.

दृष्टीचं म्हणाल, तर सासूबाईंशी वाद घालू नका. मीठ-मोहरी ओवाळल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, आणि आजीनं पाच मिनिटं समोर बसवून डोक्यावरून हात फिरवला तर लेकराला ते हवंच असतं. एवढंच सांगा, की मिरच्या जाळायच्या असतील तर अंगणात, धूर तिच्या नाकात जाणार नाही अशा. डोळ्यांत काजळ नको. टॉनिकनं भूक वाढते हा यजमानांचा समज मात्र मोडून काढा. रक्त कमी निघालं तर लोहाचं औषध डॉक्टर देतीलच. उगाच गोड बाटली आणून फळीवर वाढवू नका.

एक काळजी तुम्ही शेवटी ओझरती लिहिलीय, की तिचं बोलणं 'गोंधळलेलं' आहे. शेजारच्या तेलुगू आजी तिला 'रा, रा' म्हणून बोलावतात, वरच्या मजल्यावरच्या कन्नड काकू 'बा' म्हणतात, आणि ती भाताला 'बुव्वा' म्हणते. अहो, हे सोलापूर आहे! इथलं निम्मं लेकरू तीन भाषांत मागतं आणि चौथीत रडतं. गोंधळ काही नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. बोट दाखवून मागते का, नावानं हाक मारल्यावर वळते का, साधं सांगितलेलं कळतं का, हे बघा. यातलं काही होत नसेल किंवा अर्थ असलेला एकही शब्द नसेल, तर मात्र थांबू नका, दाखवा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

कधी घाबरायचं, तेही सांगून ठेवते, पुढे ऊन वाढणारच आहे. सहा-आठ तासांत लघवी नाही किंवा अगदी गडद पिवळी झाली, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, आणि मुख्य म्हणजे नेहमीची खिदळणारी पोरगी मलूल होऊन पडली, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. जुलाब लागले तर ओआरएस. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच सगळी पुडी कालवायची. चमचाभर पावडर पेल्यात घालून अंदाजानं देणं धोक्याचं आहे. एरवी पाणी दर तासाला दोन-चार घोट, माठातलं, फ्रिजमधलं नको. पन्हं, ताक चालेल, बाटलीतलं गोड सरबत नको.

गाठीचं विचारलंत. गळ्यात घाला, फोटो काढा, मग काढून ठेवा. दोरा गळ्यात असताना झोपवू नका. साखरेचा कडक खडा दातांना वाईट आणि घशात अडकायलाही. त्यापेक्षा कडुलिंबाची फुलं गुळात कालवून बोटाच्या टोकानं जिभेवर लावा. शेजारच्या आजींकडे उगादीची पच्चडी असेलच, तिचाही एक थेंब. तोंड कसं करते ते बघायला सगळ्या घराला बोलवा. आणि चैत्रात मिरवणुका निघतील तेव्हा तिला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपाशी उभे राहू नका. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय, म्हणजे तो आवाज तिच्या कानाला जास्त आहे.

राहिलं माहेर. जरूर न्या, पण तिथे इथलं घड्याळ जसंच्या तसं चालणार नाही. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, घाम आला की वाळतो आणि अंग निवतं. कल्याणला पारा कमी दिसेल, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही. घामोळं तिथेच येतं. दिवसातून दोनदा अंघोळ, मानेच्या-काखेच्या घड्या कोरड्या, पावडरचे थर नकोत. सकाळचं बाहेर जाणं तिथेही ठेवा, फक्त पहाटेचा गारवा इथल्यासारखा मिळणार नाही. जायला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी. तिच्या झोपेच्या वेळेनंतर निघते, पहाटे कल्याण. घरून दहीभात खाऊन निघा, खालचा बर्थ घ्या आणि तिला भिंतीकडे झोपवा. आणि सोलापुरी चादर बरोबर असू द्या, एसीच्या डब्यात रात्री लेकरं गारठतात.